नवा क्लायंट घेताना : बेळगाव-निपाणीकडच्या फ्रीलान्सरांसाठी, पहिल्या फोनपासून पहिल्या अॅडव्हान्सपर्यंत

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीचा (ओतकामाच्या कारखान्याचा) कॅटलॉग मी फोनवरच्या दहा मिनिटांच्या बोलण्यावर सुरू केला होता. "ताई, तुम्ही सुरू तर करा, बाकीचं बघू की." ओळख मामांची, माणसं सज्जन, त्यामुळे कोटेशन पुढे करायला संकोच वाटला. चाळीस पानांचं काम होतं. मजकूर निम्मा इंग्रजीत, निम्मा कन्नडमध्ये हाताने लिहिलेला. फोटो मोबाइलवर काढून व्हॉट्सअॅपवर पाठवलेले. मालकांनी पास केलेली पानं त्यांच्या धाकट्या भावाने नापास केली, भावाने पास केलेली पुण्याच्या डीलरला पसंत पडली नाहीत. पैसे आले नऊ महिन्यांनी, तेही "एवढे कुठे ठरले होते?" म्हणून कापून. खरंच काही ठरलं नव्हतं, त्यामुळे मला भांडायलाही जागा नव्हती.

त्या कॅटलॉगनंतर मी एक पद्धत बसवली. एकदम नाही बसली. प्रत्येक क्लायंटने एकेक कलम शिकवलं. मी कॅटलॉग, पॅकिंगचं डिझाइन आणि छोट्या वेबसाइट करते. क्लायंट उद्यमबागेतले, कोल्हापूरचे, काही गोव्यातले होमस्टेवाले. पण खाली लिहिलंय ते कॅडचं ड्रॉइंग करणाऱ्याला, भाषांतर करणाऱ्याला, फोटोग्राफरला किंवा अकाउंट्स सांभाळणाऱ्यालाही तेवढंच लागू पडेल. मी सीए नाही, वकीलही नाही. कराची बाब मोठी असेल तेव्हा सीएकडे जाच, पण काय विचारायचं हे कळण्यापुरतं आपल्याला माहीत हवं.

१. आधी आपलं दप्तर नीट करा

क्लायंट म्हणतो, "तुमचे डिटेल्स पाठवा," आणि आपण तीन दिवस पासबुकाचा फोटो शोधत बसतो. तिथेच समोरच्याला अंदाज येतो की ही बाई हौशी आहे. एक फोल्डर करून ठेवा:

• पॅन कार्ड. पॅनवर, बँक खात्यावर आणि बिलावर नाव अक्षरशः एकच हवं. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी हे आधी तपासा, माझा पहिला टीडीएस (पैसे देतानाच क्लायंट कापून भरतो तो आयकर) याच घोळात अडकला होता.
• रद्द केलेल्या चेकचं स्कॅन. कंपन्या यूपीआयच्या क्यूआरवर खूश नसतात, त्यांना हेच लागतं.
• उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं सर्टिफिकेट (त्याबद्दल पुढे).
• जीएसटी नंबर असेल तर त्याचं सर्टिफिकेट, नसेल तर "माझी नोंदणी नाही" असं सहीचं पत्र.
• कामाचे पाच-सहा नमुने एकाच पीडीएफमध्ये. साठ नमुने पाठवू नका, कुणी बघत नाही.
• चार कोरे साचे : क्लायंटचं माहितीपत्रक, कोटेशन, करारपत्र, प्रोफॉर्मा बिल (पैसे येण्याआधी पाठवायचं कच्चं बिल).

पत्त्याचं एक. २०१४च्या नोव्हेंबरपासून सरकारी दप्तरात गावाचं नाव बदललं. आपण घरी बेळगावच म्हणणार, पण जुन्या कागदांवर इंग्रजीत एक स्पेलिंग आहे आणि नव्यांवर दुसरं. बिलावर तुमच्या उद्यम किंवा जीएसटी सर्टिफिकेटवर जे स्पेलिंग आहे तेच घाला. बंगळूरच्या एका अकाउंट्स विभागाने माझं बिल फक्त एवढ्यावरून परत पाठवलं होतं.

२. पहिला फोन : ऐका, भाव सांगू नका

पहिल्या फोनवर समोरचा हमखास विचारतो, "साधारण किती होतील?" तुम्ही आकडा बोललात की तो आकडा दगडावर कोरला गेला. नंतर काम दुप्पट निघालं तरी "तुम्हीच म्हणाला होता" हे ऐकायला मिळतं. माझं उत्तर ठरलेलं आहे : "काम बघितल्याशिवाय सांगितलं तर एक तर तुमचं नुकसान, नाही तर माझं. दोन दिवसांत कागदावर देते."

त्या फोनवर मी पाच गोष्टी काढून घेते. काम नेमकं कशासाठी हवंय, म्हणजे प्रदर्शनासाठी, डीलरसाठी की बँकेला दाखवायला? तारीख कुणी ठरवली आहे? शेवटचा "हो" कोण म्हणणार? पैसे कोण देणार? आणि काम कोणकोणत्या भाषांत?

यातला तिसरा आणि चौथा प्रश्न वेगळे आहेत हे मला फार उशिरा कळलं. आपल्याकडचे बरेच कारखाने घरचे. वडील मालक, थोरला मुलगा मशीन शॉप बघतो, धाकटा नुकताच शिकून आलाय आणि त्याला वेबसाइट हवी आहे. फोन धाकट्याचा येतो, चेकवर सही वडिलांची असते. धाकट्याशी महिनाभर काम करून शेवटी वडिलांसमोर लॅपटॉप उघडलात तर पहिलं वाक्य येतं, "हे एवढं काळं कशाला केलंय?" वडिलांना पहिल्याच भेटीत बसवा. ते बोलणार नाहीत, चहा मागवतील आणि ऐकतील. तेवढं पुरतं.

सापळा : "एक पान नमुना करून दाखवा, आवडलं तर पुढे." फुकट नमुना करू नका. जुनी कामं दाखवा, नाही तर नमुन्याचे पैसे घ्या आणि काम मिळालं तर ते बिलातून वजा करा. शहापूर-वडगावातला विणकर साडीचा पदर फुकट विणून दाखवत नाही.

३. भाषा ठरवा, आणि प्रत्येक भाषेला माणूस ठरवा

पुण्या-मुंबईतल्या फ्रीलान्सरला या पायरीची गरज पडत नाही. आपल्याला पडते, आणि माझी सगळ्यात जास्त रात्रीची जागरणं हिच्यामुळेच झाली आहेत.

बोलण्याची भाषा आणि कामाची भाषा एकच असेल असं धरून चालू नका. मालक माझ्याशी मराठीत बोलतात, त्यांचा मॅनेजर कन्नडमध्ये मेल लिहितो, कॅटलॉग इंग्रजीत हवा असतो आणि माल जाणार असतो राजकोटला. म्हणून माहितीपत्रकात मी सरळ तक्ता ठेवते : कोणत्या भाषेत किती पानं, मूळ मजकूर कोण देणार, भाषांतर कोण करणार, आणि त्या भाषेतलं प्रूफ तपासून सही कोण करणार. कन्नड प्रूफावर मी स्वतः कधीच सही करत नाही. मला कन्नड बोलता येतं, वाचता येतं, पण शुद्धलेखनाची जबाबदारी घ्यायची म्हणजे वेगळी गोष्ट. क्लायंटकडचा माणूस नसेल तर बाहेरून माणूस लावा आणि त्याचे पैसे कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत दाखवा.

दुकानाचा बोर्ड किंवा शोरूमचं दर्शनी काम घेत असाल तर नियम आधी सांगून टाका. कर्नाटकात २०२४च्या दुरुस्तीनंतर नामफलकावर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, आणि कन्नड मजकूर वरच्या बाजूला असावा लागतो. यावर तुमचं-माझं मत काय, हा प्रश्न चहाच्या टपरीवरचा. फलक उतरवावा लागला तर दुसऱ्यांदा छपाईचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न मात्र तुमच्या बिलाचा आहे. कोटेशनमध्ये एक ओळ घाला : "फलकाचा आराखडा राज्याच्या नियमानुसार, नियमाबाहेरचा बदल क्लायंटच्या जबाबदारीवर."

मग फॉन्ट. मराठी मजकूर श्रीलिपीतून येतो, कन्नड नुडीतून किंवा बरहातून. फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून पहिल्याच पत्रात लिहा : मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला हवा, फोटो काढून पाठवलेला नको. जुन्या फॉन्टमधून रूपांतर करायचं असेल तर ते वेगळं काम धरा, कारण रूपांतरानंतर प्रत्येक ओळ वाचावी लागते. मराठीत सगळ्यात आधी बिघडतो तो "ऱ्य". "दुसऱ्या"चा चक्क "दुसर्या" झालेला मी छापलेल्या पत्रकावर बघितलाय.

वेबसाइट करणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं सांगितलं नाही, तर चांगला फॉन्टसुद्धा "ल" आणि "श" हिंदी वळणाचे दाखवतो. क्लायंटला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, तो फक्त म्हणतो, "अक्षर आपलं वाटत नाही." हे त्याचं बोलणं बरोबर असतं.

४. माहितीपत्रक भरून घ्या : पहिले दोन आकडे वाचायला शिका

पत्रक एकाच पानाचं ठेवा. कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता, पॅन, जीएसटी नंबर, बिल कुणाच्या नावाने, पर्चेस ऑर्डर देणार का, बिल कुणाच्या ईमेलवर, पेमेंटसाठी कुणाला फोन. एवढंच. गुगल फॉर्म केलात तरी चालेल, पण साठीतल्या मालकांसाठी मी छापलेलं पान नेते आणि स्वतः विचारून भरते. लिंक पाठवली तर ती तशीच पडून राहते.

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. आपल्या भागात या दोन आकड्यांवर पैसे अडकतात. निपाणी २९, तिथून जवळचं कागल २७. बेळगावातून निघून शिनोळीला पोचायला अर्धा तासही लागत नाही, पण शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. ऑफिस बेळगावात आणि युनिट शिनोळीत असे क्लायंट आहेत, त्यांच्याकडे दोन राज्यांचे दोन नंबर असतात. बिल कोणत्या नंबरावर, हे काम सुरू होण्याआधी लेखी घ्या.

का, ते आकड्यांत बघा. तुमची नोंदणी कर्नाटकातली आहे आणि बिल ४०,००० रुपयांचं आहे. १८ टक्क्यांनी कर झाला ७,२००. क्लायंटचा नंबर २९ने सुरू होत असेल तर ३,६०० केंद्राचे आणि ३,६०० राज्याचे, असे दोन ओळींत. २७ किंवा ३०ने सुरू होत असेल तर पूर्ण ७,२०० आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी), एकाच ओळीत. रक्कम तीच, पण ओळ चुकली तर बरोबर कर नव्याने भरून चुकीचा परत मागत बसावं लागतं. क्लायंटने दिलेला नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, त्याला लॉगिनही लागत नाही. नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, सगळं समोर येतं.

आता ज्यांची नोंदणीच नाही त्यांच्यासाठी. "कोल्हापूरचं काम घेतलंस म्हणजे तुला जीएसटी नंबर काढावाच लागणार" असं मला एका शहाण्या माणसाने सांगितलं होतं आणि मी घाबरून ते काम सोडलं होतं. सेवा देणाऱ्यांना तसं नाही. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर दुसऱ्या राज्यात सेवा दिली तरी नोंदणी सक्तीची नाही, ही सवलत ऑक्टोबर २०१७पासून आहे. मालाचं तसं नाही. डिझाइन करून देणं ही सेवा, पण गूळ किंवा काजूची खोकी स्वतः छापून घेऊन चंदगडला पाठवलीत तर तो माल झाला, आणि राज्याबाहेर माल विकायचा तर २० लाखांची वाट बघता येत नाही. मी खोकी छापून देतच नाही. छापखान्याचं बिल थेट क्लायंटच्या नावाने काढायला लावते आणि माझं बिल फक्त डिझाइनचं.

नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावू नका, "गोळा करून ठेवू, मग बघू" असंही नको. तो गुन्हा आहे.

५. कोटेशन : काय नाही ते आधी लिहा

काय करणार ते सगळेच लिहितात. काय करणार नाही त्याची यादी लिहा. माझी यादी अशी असते : फोटोग्राफी नाही, भाषांतर नाही, छपाई नाही, होस्टिंगचं नूतनीकरण नाही, दोन फेऱ्यांनंतरचे बदल नाहीत. मग प्रत्येकाचा दर बाजूला. यातलं काही हवं असेल तर क्लायंट स्वतः खूण करतो आणि रकमेवरून वाद होत नाही.

"फेरी" म्हणजे काय तेही लिहा. सगळे बदल एकत्र करून एकदा पाठवणं म्हणजे एक फेरी. सकाळी एक व्हॉट्सअॅप, दुपारी व्हॉइस नोट आणि रात्री दहाला "अजून एक छोटंसं", या तीन फेऱ्या झाल्या.

कोटेशन किती दिवस चालेल तेही टाका, मी १५ दिवस लिहिते. वेबसाइट असेल तर डोमेन क्लायंटच्या नावाने, क्लायंटच्या ईमेलवरून घ्या. आपल्या नावाने घेतलं तर तीन वर्षांनी त्याचं नूतनीकरण राहिल्याचा ठपका आपल्यावर येतो.

आणि टीडीएस. व्यावसायिक फीवर कंपनी किंवा फर्म १० टक्के कापते, अकाउंटंट लोक या कापणीला आयकराच्या जुन्या कलमावरून अजून "१९४जे" म्हणतात. एप्रिल २०२५पासून वर्षाला ५०,०००च्या वर गेल्यावर ती लागते, आधी ही मर्यादा ३०,००० होती. जीएसटी बिलावर वेगळा दाखवला असेल तर कापणी मूळ रकमेवर होते. समजा फी ६०,०००. जीएसटी १०,८००, बेरीज ७०,८००. कापणी ६,०००. खात्यात येतील ६४,८००. हे गणित कोटेशनखाली एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे पैसे आल्यावर "सहा हजार कमी का?" म्हणून आपणच क्लायंटला फोन करून स्वतःचं हसं करून घेत नाही. मी केलंय. ते पैसे बुडत नाहीत, आपल्या पॅनवर जमा होतात आणि रिटर्न भरताना हिशोबात येतात. दर तिमाहीनंतर आयकर पोर्टलवर जमा दिसतात का ते मात्र बघा. पॅन दिला नाही तर कापणी २० टक्के.

६. करारपत्र, आणि ते पुढे करायची रीत

"आमच्यावर विश्वास नाही काय?" हा प्रश्न येणारच. मी करारपत्राला "कामाची यादी" म्हणते. दोनच पानं, साधी भाषा, दोघांनाही वाचता येईल अशी. मालक फक्त कन्नड वाचत असतील तर कन्नड प्रतही. आणि सांगते, "अण्णा, हे तुमच्यासाठी आहे. उद्या मी आजारी पडले तर दुसऱ्याला हा कागद देता येईल." यावर आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

सही मिळत नसेल तर पीडीएफ ईमेलने पाठवा आणि "मान्य आहे" असं उत्तर मागा. इलेक्ट्रॉनिक करार आपल्या कायद्यात चालतो. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा हा शेवटचा पर्याय, आणि तो आला तरी त्याचं ईमेल करून ठेवा : "आज सकाळी आपण मान्य केल्याप्रमाणे..."

कलमं फार नकोत. काम, तारखा, रक्कम आणि हप्ते, फेऱ्या, काम मध्येच थांबलं तर काय, वाद झाला तर बेळगावचं न्यायालय. गोव्याच्या किंवा मुंबईच्या क्लायंटच्या छापील करारात त्यांच्या गावचं न्यायालय असतं. ते वाचून सही करा, चाळीस हजारांसाठी मुंबईच्या खेपा कोण घालणार!

एका कलमावर वेळ घालवा, तो म्हणजे हक्क. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या माणसाने केलेल्या डिझाइनचा किंवा लेखनाचा हक्क पहिल्यांदा करणाऱ्याचाच असतो, वेगळं ठरलं नसेल तर. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचं उलट आहे, तो हक्क मागवणाऱ्याचा. त्यामुळे फोटोग्राफरनी हे कलम जास्तच जपून लिहावं. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीने द्यावा लागतो. किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर भारत. लोगो करून घेणाऱ्या क्लायंटला हे दाखवलं की तो स्वतःच कागद मागतो. मी लिहिते : "पूर्ण पैसे मिळाल्यावर अंतिम डिझाइनचे सर्व हक्क कायमचे, जगभरासाठी क्लायंटकडे. नापास झालेले आराखडे आणि मूळ फाइली माझ्याकडे." मूळ फाइल हवी असेल तर तिचा दर वेगळा.

७. उद्यम नोंदणी आणि अॅडव्हान्स

उद्यम नोंदणी फुकट आहे. आधार आणि पॅन घेऊन सरकारी पोर्टलवर बसलात की अर्ध्या तासात होते. शोधायला गेलात की वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट एजंटांच्या असतात आणि हजार-दोन हजार घेतात. साइटच्या पत्त्याच्या शेवटी सरकारी खूण (gov.in) आहे ना ते बघूनच आधार नंबर टाका.

तिचा उपयोग वसुलीत. २००६च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. व्याज मी आजवर कुणाकडून घेतलेलं नाही, इथे राहायचंय. पण बिलाच्या तळाशी उद्यम नंबर आणि ही ओळ छापल्यापासून फरक पडला. त्याला कारण दुसरंच आहे : २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी मुदत उलटलेली रक्कम, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, क्लायंटला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्च आला की त्यांचा अकाउंटंटच आपल्याला फोन करतो. नोंदणी काम घेण्याआधीच करा, पैसे अडकल्यावर धावपळ करून काढलेलं सर्टिफिकेट कामी येईलच असं नाही.

अॅडव्हान्स माझा ४० टक्के. पुढचे ४० पहिला आराखडा पास झाल्यावर, २० अंतिम फाइल देण्याआधी. नंतर नव्हे. प्रोफॉर्मा बिल पाठवा, पैसे खात्यात दिसले की काम सुरू. "चेक तयार आहे" म्हणजे पैसे आलेले नसतात. जीएसटी नोंदणी असेल तर लक्षात ठेवा, सेवेच्या अॅडव्हान्सवरही कर त्याच वेळी लागतो.

ओळखीतल्या कामाला अॅडव्हान्स मागायला जड जातं, मला अजूनही जातं. तेव्हा मी रक्कम कमी मागते, पण मागते. दोन हजार का होईनात. एकदा पैसे हातातून सुटले की क्लायंट मजकूर वेळेवर पाठवतो.

८. साहित्य आणि तारखा

एक शेअर केलेलं फोल्डर करा, त्यात चार कप्पे : मजकूर, फोटो, लोगो, पास झालेलं. लोगो म्हणून व्हिजिटिंग कार्डाचा फोटो येईल, मूळ फाइल त्यांच्या जुन्या छापखान्यात असते. तिथे स्वतः फोन करा.

कारखान्याचं काम असेल तर एकदा शॉप फ्लोअरवर जा. ओतकाम चालू असेल त्या दिवशी जायला मिळालं तर उत्तमच. मालक ऑफिसात जे तासभर सांगू शकत नाहीत ते पॅटर्न शॉपमधला म्हातारा मिस्त्री दोन मिनिटांत दाखवतो. माझ्या निम्म्या कॅटलॉगची मथळ्याची ओळ अशा मिस्त्रीच्या तोंडची आहे.

तारखा ठरवताना कॅलेंडर इथलं बघा. गणपतीचे दिवस धरू नका, विसर्जनाचा दुसरा दिवसही नाही. मार्च अखेर कुणी डिझाइन बघत नाही. १ नोव्हेंबरला शहरात भेट ठेवू नका, एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिवस. डिसेंबरात सुवर्ण सौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर बाहेरगावच्या क्लायंटला आधीच सांगा, हॉटेलात खोली मिळत नाही. पावसात चोर्ला घाटातून गोव्याला जायचं असेल तर भेट सकाळची ठेवू नका.

९. सुरुवातीचा निरोप

अॅडव्हान्स आल्याच्या दिवशी मी हा निरोप ईमेलवर आणि व्हॉट्सअॅपवर, दोन्हीकडे पाठवते. उचला आणि आपल्यासारखा करून घ्या :

"नमस्कार. आज १६,००० रुपये मिळाले, पावती सोबत आहे. काम : १६ पानी कॅटलॉग, इंग्रजी आणि कन्नड. मजकूर आणि फोटो सोमवार संध्याकाळपर्यंत फोल्डरमध्ये टाकावेत. साहित्य पूर्ण आल्यापासून १० कामाच्या दिवसांत पहिला आराखडा देईन. साहित्याला जेवढे दिवस उशीर, तेवढी तारीख पुढे. बदल आपल्याकडून एकाच व्यक्तीने, ईमेलवर कळवावेत. कन्नड प्रूफ आपले मॅनेजर तपासतील असं ठरलं आहे. मी सोमवार ते शनिवार १० ते ६ फोनवर असते."

"साहित्याला जेवढे दिवस उशीर, तेवढी तारीख पुढे" ही ओळ गाळू नका. प्रदर्शनाच्या तोंडावर सगळा उशीर आपल्या नावावर टाकला जातो, तेव्हा दाखवायला तीच एक ओळ असते.

१०. नाही कधी म्हणायचं

पहिल्याच फोनवर आधीच्या डिझायनरला शिव्या देणारा क्लायंट, "पैशाची काळजी करू नका" असं दोनदा म्हणणारा, आणि माहितीपत्रकात पॅन द्यायला का-कू करणारा. या तिघांना मी सांगते की सध्या हातात काम आहे. चौथा प्रकार अवघड : नात्यातला. त्याला मी दुसऱ्या एखाद्या चांगल्या डिझायनरचा नंबर देते, आणि तो डिझायनर त्याच्या नात्यातले माझ्याकडे पाठवतो.

त्या फाउंड्रीचा कॅटलॉग गेल्या वर्षी नव्याने करायचा निघाला. फोन धाकट्या भावाचाच होता. मी माहितीपत्रक आणि "कामाची यादी" छापून घेऊन गेले, थोरले मालक चष्मा लावून यादीची दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचत बसले, आणि सही करताना म्हणाले, "हे त्या वेळीच आणायचं की हो."